केमोनंतर घरी ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळपर्यंत थांबावं का?

नाही, थांबू नका. केमोचा फटका अस्थिमज्जेलाही, म्हणजे हाडांच्या आत रक्तपेशी तयार करणाऱ्या मगजालाही बसतो. डोसनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या सर्वांत खाली जाते. अशा वेळी १००.४ फॅरेनहाइट ताप म्हणजे इमर्जन्सी, मग रात्रीचे २ का वाजलेले असेनात. क्रोसिनने आकडा उतरतो, संसर्ग मात्र आत वाढतच राहतो.

कपाळाला हात लावून "अंग जरा कोमट लागतंय" हे चालत नाही, मोजाच. आईच्या वेळी आम्ही थर्मामीटर फ्रिजच्या दारालाच अडकवला होता, शेजारी वॉर्डचा नंबर.

कॅज्युअल्टीत शिरताच पहिलं वाक्य: "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला." फाइल सोबत घ्या. रक्त तपासायला घेतात आणि बहुधा रिपोर्टची वाट न बघता शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात.