काली लिनक्सवर अपडेट करताना ‘मिसिंग की’ असा एरर आणि पुढे ईडी६५४६२ईसी८डी५ई४सी५ने संपणारा क्रमांक येतो. सोर्सच्या ओळीत ‘ट्रस्टेड इक्वल्स येस’ लिहून सही तपासणी बंद करून टाकू का?

नका करू. तुम्ही एररमधल्या क्रमांकाचा शेवट ईडी६५४६२ईसी८डी५ई४सी५ असा दिलात ते बरं झालं, त्यावरून कारण लगेच कळतं. तुमच्या मशीनमध्ये काही बिघडलेलं नाही.

एप्रिल २०२५ मध्ये काली टीमने स्वतःच जाहीर केलं, की रिपॉझिटरीवर, म्हणजे पॅकेजं जिथून उतरतात त्या साठ्यावर, डिजिटल सही करायची जुनी की (किल्ली) त्यांच्या हातातून गेली आहे. ती चोरीला गेली नव्हती, फक्त त्यांना वापरता येत नव्हती. म्हणून त्यांनी नवी की काढली. तुमच्याकडचं इन्स्टॉलेशन त्याआधीचं असेल, तर नवी की तुमच्या मशीनला माहीतच नाही. आणि ती आणणारं पॅकेज त्याच रिपॉझिटरीतून येतं, जिच्यावर ॲप्टचा, म्हणजे पॅकेजं उतरवून बसवणाऱ्या प्रोग्रामचा, आता विश्वास नाही. म्हणून एकदा हाताने आणावी लागते.

काम एका ओळीचं आहे. सुडो (रूट म्हणजे सर्वाधिकारी युजरचे अधिकार देणारी आज्ञा) लावून डब्ल्यूगेट या फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रामने आर्काइव्ह डॉट काली डॉट ऑर्ग इथली ‘आर्काइव्ह-कीरिंग डॉट जीपीजी’ ही फाइल उतरवा आणि कॅपिटल ओ हा पर्याय देऊन ती यूएसआर, शेअर, कीरिंग्ज या फोल्डरमधल्या ‘काली-आर्काइव्ह-कीरिंग डॉट जीपीजी’वर लिहा. पत्ता एचटीटीपीएसचाच घ्या. त्याऐवजी कर्ल हा तसाच प्रोग्राम वापरून पुढे ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह लावाल तर ‘परमिशन डिनाइड’ येईल, कारण सुडो फक्त कर्लला लागू होतो. फाइल लिहायचं काम तुमची शेल साध्या युजर म्हणून करते.

आता बरेच जण जी पायरी गाळतात ती. अपडेट चालवण्याआधी जीपीजीला, म्हणजे सह्या आणि कीज हाताळणाऱ्या प्रोग्रामला, ‘शो-कीज’ पर्याय देऊन ती फाइल उघडा. आत दोन कीज दिसतील. जुनी की दुसऱ्या कुणाच्या हाती पडलेली नसल्यामुळे त्यांनी ती काढलेली नाही, तेव्हा दचकू नका. नव्या कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारा पूर्ण क्रमांक, असा हवा:

८२७सी ८५६९ एफ२५१ ८सीसी६ ७७एफई सीए१ए ईडी६५ ४६२ई सी८डी५ ई४सी५

माझ्या उत्तरावरही विसंबू नका, कालीच्या अधिकृत घोषणेशी सगळी ४० अक्षरं जुळवा. शेवटची आठ जुळली की झालं, असं समजू नका. तेवढी जुळणारी बनावट की साध्या संगणकावरही तयार करता येते.

आता ‘ट्रस्टेड इक्वल्स येस’बद्दल. ॲप्ट प्रत्येक पॅकेजची सही वेगळी तपासत नाही. सही असते ती एकाच ‘इनरिलीज’ फाइलवर. तिच्यात पॅकेजांच्या यादीचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, असतात आणि यादीत प्रत्येक डेब फाइलचा, म्हणजे खुद्द पॅकेजचा, हॅश. ही एक सही सोडली की पुढची अख्खी साखळी निराधार होते. कालीचे मिरर, म्हणजे रिपॉझिटरीची प्रत ठेवणारे सर्व्हर, बरेचदा साध्या एचटीटीपीवर चालतात, ते चालतं याच सहीच्या भरवशावर. वाटेत कुणी पॅकेज बदललं, तर तुमच्या मशीनवर ते रूट म्हणून चालेल.

‘ॲप्ट-की ॲड’ या आज्ञेने की घालायला सांगणारी जुनी उत्तरंही सोडा. त्याने घातलेली की सगळ्याच रिपॉझिटरींसाठी विश्वासू ठरते. एखाद्या ब्राउझरच्या कंपनीच्या कीने मूळ सिस्टिमच्या पॅकेजांवर सही करायला तुमची हरकत नसावी, असा त्याचा अर्थ होतो. बाहेरची रिपॉझिटरी जोडायची असेल तर तिची की ईटीसी, ॲप्ट, कीरिंग्जमध्ये वेगळी ठेवा आणि त्या सोर्सच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ लिहून तिचा पाथ द्या. की मजकुराच्या रूपात, म्हणजे ‘बिगिन पीजीपी’ने सुरू होणारी असेल, तर फाइलचं नाव एएससीने संपू द्या. ६४४ परवानगी द्यायला विसरू नका. ॲप्ट ती फाइल वेगळ्या, कमी अधिकारांच्या युजरखाली वाचतं.

हे करूनही तोच एरर राहिला, तर त्याच्या वरची ओळ वाचा, कुठल्या पत्त्यासाठी की मागतोय ते तिथे असतं. ‘एक्स्पकीसिग’ दिसलं तर मात्र की हरवलेली नसून तिची मुदत संपलेली आहे. तेव्हा त्या प्रकल्पाने मुदत वाढवलेली नवी प्रत आणावी लागेल.