केळीच्या पानातल्या रेषा

भाऊ, रावेरच्या केळीबागेतला तुझा फोटो पाहिला. पानाची कड आणि मागचं आभाळ दिसतंय तोवर ते नुसतं पानच राहतं, रेषांचं चित्र होत नाही. दोन्ही काप. मधल्या दांड्यापासून निघालेल्या समांतर शिरा तेवढ्या ठेव, फ्रेम जरा फिरवून तिरप्या कर, आणि वाऱ्याने पडलेली चीर कोपऱ्यात येऊ दे. ती चीरच या फोटोचा जीव आहे!

कापताना पिक्सेलचं, म्हणजे फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो त्यांचं, भान ठेव. ६००० बाय ४००० च्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केलीस की २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात. म्हणून मुळातच जवळ जाऊन टिप, सकाळचं ऊन पानामागून येत असताना. हिरवा रंग भडक करू नकोस, मला ते अजिबात पटत नाही. एकदा कृष्णधवल करून काँट्रास्ट वाढवून बघ.