थर्मल पॉवर स्टेशनच्या रिपोर्टात जीसीव्ही, एडीबी, एआरबी, हीट रेट, पीएलएफ म्हणजे काय?

थर्मलला ट्रेनी म्हणून लागलोय, रोजच्या रिपोर्टातले हे शब्द सोप्या मराठीत सांगा, असं तुम्ही विचारलंय. बाकीचे शब्द कुणीही सांगेल. एडीबी-एआरबीचं मात्र माझ्याकडून ऐका, त्यापायी मी मेमो खाल्लाय.

विदर्भातल्या एका थर्मलला 210 मेगावॉटच्या सेटवर, म्हणजे बॉयलर-टर्बाइनच्या जोडीवर, मी बॉयलर डेस्कला होतो. ऑगस्ट महिना, सारखी झड. रेकमधून, म्हणजे 58-59 वॅगनच्या, जवळपास 4000 टनांच्या मालगाडीतून, कोळसा कसला, काळा चिखलच उतरायचा. बंकर, म्हणजे कोळशाच्या टाक्या, चोक व्हायचे, कंत्राटी पोरं घण घेऊन बाहेरून ठाणठाण बडवत असायची. मिलचं, म्हणजे कोळसा दळणाऱ्या चक्कीचं, आउटलेट टेंपरेचर 80 वरून 58 वर यायचं, मिलला कोळसा देणारा फीडर ट्रिप व्हायचा, ज्योत टिकवायला तेलाची ऑइल गन लावायची, पुन्हा मिल घ्यायची. आठ तास जेवायला उसंत नाही. महिनाअखेर रिपोर्ट आला : हीट रेट 2924. आणि माझ्यासकट तिघांना मेमो, 'ऑपरेशनमध्ये निष्काळजीपणा'.

हीट रेट म्हणजे एक युनिट वीज काढायला किती किलोकॅलरी लागल्या. आम्ही युनिटमागे 680 ग्रॅम कोळसा जाळला होता. जीसीव्ही (ग्रॉस कॅलोरिफिक व्हॅल्यू), म्हणजे किलोभर कोळशातली उष्णता, लॅबने दिली होती 4300 किलोकॅलरी. गुणाकार करून बघा, बरोबर येतो. तरी मला झोप लागेना.

नाइटला बेल्टवरचा किलोभर कोळसा काट्यावर मोजला, ट्रेमध्ये पातळ पसरला आणि कंट्रोल रूममध्ये पॅनेलच्या मागे, एसीच्या कोरड्या हवेत ठेवून दिला. दोन दिवसांनी वजन केलं तर 903 ग्रॅम. 97 ग्रॅम नुसतं वरचं पाणी! लॅब ज्याचा आकडा देत होती तो हा वाळलेला कोळसा. त्यालाच एअर ड्राइड बेसिस, एडीबी म्हणतात. आमच्या बॉयलरला मिळत होता तो आला तसा ओला, म्हणजे ॲज रिसीव्ह्ड बेसिस, एआरबी. 4300 ला 0.903 ने गुणलं की 3883 होतात, आणि हीट रेट येतो 2640. वजन ओल्या कोळशाचं, उष्णता वाळलेल्याची, असला हिशेब करून 284 किलोकॅलरी आमच्या माथी मारल्या होत्या.

ट्रे घेऊन लॅबच्या साहेबांकडे गेलो. "आमचा आकडा बरोबर आहे," म्हणाले. होताच बरोबर! चहा पाजला. मेमो तसाच फाइलला राहिला.

तेव्हा माझा सल्ला एकच : ज्या जीसीव्हीपुढे एडीबी की एआरबी लिहिलेलं नाही, त्या कागदावर सही करू नका. साहेब रागावले तर रागावू देत.

पीएलएफ, म्हणजे प्लँट लोड फॅक्टर, सोपं आहे : पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज काढली. 210 मेगावॉटचा सेट चोवीस तास पूर्ण लोडवर चालला तर 50.4 लाख युनिट होतात. तुम्ही 35.28 लाख काढले, तर पीएलएफ 70 टक्के. तो कमी दिसला की लगेच ऑपरेटरकडे बोट दाखवू नका, ग्रिड सांभाळणाऱ्या लोड डिस्पॅचवाल्यांनीच लोड उतरवायला सांगितलेलं असू शकतं.

आता खरं सांगायचं तर 2640 सुद्धा काही मिरवण्यासारखा नव्हता. एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी; 860 भागिले 2640, म्हणजे जेमतेम साडेबत्तीस टक्के एफिशियन्सी. ओल्या कोळशातलं पाणी उडवायलाही उष्णता जाते, आणि एकदा मिल बंद करायला उशीर माझ्याच हातून झाला होता. शिवाय एडीबी टाकाऊ नाही. दोन लॅबचे आकडे ताडून बघायचे तर ओल सारखी धरावीच लागते. आणि हे सगळं जुन्या सेटचं. तुमच्याकडे 660 मेगावॉटचा सुपरक्रिटिकल, म्हणजे जास्त दाबाच्या वाफेवर चालणारा सेट असेल तर आकडे वेगळे.

लॅबचे ते साहेब आणि मी आता दोघंही रिटायर, सकाळी एकाच मैदानावर फिरतो. अजून म्हणतात, "बॉम्ब कॅलरीमीटर खोटं बोलत नाही." म्हणजे लॅबमधलं जीसीव्ही मोजायचं यंत्र. अहो, पण त्याला वाळवलेला कोळसा कुणी चारला? केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या 2014 च्या टॅरिफ नियमांत जीसीव्ही ॲज रिसीव्ह्डच धरायचा असं आलं. ते पान मी मोबाइलवर काढून त्यांच्यापुढे धरलं. म्हणाले, चष्मा घरी राहिलाय.