शर्यतीत कोण कुणाचा दम काढतो?

प्रश्न असा आहे: ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेतल्या १५०० ते १०,००० मीटरच्या शर्यतींबद्दल बोलताना ‘टॅक्टिकल रेस’ आणि ‘फ्रंट रनिंग’ अशी जोडी नेहमी कानावर पडते. पहिल्या प्रकारात सगळे संथ धावत एकमेकांवर नजर ठेवतात आणि शेवटच्या फेरीत सुटतात. दुसऱ्यात एखादा सुरुवातीलाच पुढे होतो आणि वेग चढाच ठेवतो. यांना मराठीत ‘डावपेचांची शर्यत’ आणि ‘आघाडीची धाव’ म्हणावं का?

माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत. शब्द वाईट नाहीत, पण या जोडीतला खरा विरोध त्यांनी पकडला जात नाही.

डावपेच हा आखाड्यातला शब्द. समोरच्याला चीत करायला जे जे करायचं ते सगळं त्यात येतं, मग ते थांबून असो की तुटून पडून. मेलबर्नच्या १९५६च्या ऑलिंपिकमधली १०,००० मीटरची शर्यत घ्या. सोव्हिएत संघाचा व्लादिमिर कुट्स पुढे होता, पण एका लयीत धावत नव्हता. मध्येच सुसाट सुटायचा, मग सैल सोडायचा, आणि ब्रिटनचा गॉर्डन पिरी जेमतेम येऊन मिळाला की पुन्हा सुटायचा. हे हिसके खाऊन खाऊन पिरी शेवटच्या काही फेऱ्यांत पार गळाला आणि आठवा आला. कुट्सने २८ मिनिटे ४५.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. पुढे राहून धावलेल्या या शर्यतीत डावपेच नव्हते असं कसं म्हणायचं? म्हणजे ‘डावपेचांची शर्यत’ हे नाव फक्त संथ शर्यतीला दिलं, तर कुट्सवर अन्याय होतो.

‘आघाडी’ची अडचण याच्या उलट आहे. आघाडी म्हणजे जागा. वेगाबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. रिओच्या २०१६च्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचा मॅथ्यू सेंट्रोविट्झ बहुतेक काळ सगळ्यांच्या पुढे होता. पण ८०० मीटरला घड्याळात दोन मिनिटं सोळा सेकंद होऊन गेले होते! अव्वल धावपटूंसाठी ही सरावातली चाल झाली. तरी मागून कुणी पुढे येऊन वेग वाढवेना. शेवटची फेरी मात्र सेंट्रोविट्झने साधारण ५०.६ सेकंदांत काढली आणि ३ मिनिटे ५०.०० सेकंदांत जिंकला. १९३२नंतर या शर्यतीत इतक्या संथ वेळेला सुवर्णपदक मिळालं नव्हतं. म्हणजे माणूस आघाडीवर, आणि शर्यत मात्र तुम्ही म्हणता तशी ‘टॅक्टिकल’. ‘आघाडीची धाव’ म्हटलं तर वाचकाची इथे पुरती दिशाभूल होईल. (जाता जाता: घोड्याच्या पुढच्या पायांना बांधायच्या दोरालाही अगाडी म्हणत, मागच्या पायांचा तो पिछाडी. पुढे असणं आणि मोकळं असणं एक नव्हे, हे या शब्दाच्या घरातच आहे.)

मग काय म्हणावं? मला वाटतं, उत्तर ‘दम’ या शब्दापाशी आहे, आणि ते इतकं नेमकं आहे की मी पहिल्यांदा ताडून पाहिलं तेव्हा हरखून गेलो.

‘जरा दम काढ’ म्हणजे धीर धर, घाई करू नकोस. आणि ‘या चढाने दम काढला’ म्हणजे पार थकवलं. क्रियापद एकच, अर्थ दोन टोकांचे. फरक फक्त इतकाच की पहिल्यात दम आपला आणि दुसऱ्यात दुसऱ्याचा. लांब पल्ल्याच्या शर्यतीचं सगळं शास्त्र या एका वाक्प्रचारात मावतं. एक धावपटू स्वतः दम काढतो, म्हणजे थांबतो, राखून ठेवतो. दुसरा इतरांचा दम काढतो. शेवटी दोघांनाही बघायचं असतं ते हेच, की आधी कुणाचा संपतो.

हा दम मूळ फारसी, अर्थ श्वास. पण संस्कृतातही एक ‘दम’ आहे, शम-दम यांच्या जोडीतला, अर्थ इंद्रियनिग्रह. दोघांची मुळं वेगळी, तरी ‘दमानं घे’ म्हणताना मराठी माणसाच्या मनात श्वास आणि संयम वेगळे उरतच नाहीत. संथ शर्यतीत पायांत ताकद असूनही न सुटणाऱ्या धावपटूला हे दोन्ही लागतात. म्हणून ‘टॅक्टिकल’ धावण्याला मी ‘दम राखून धावणं’ म्हणेन. अख्खा घोळकाच एकमेकांकडे बघत चालला असेल तर ‘दबा धरून धावणं’ जास्त चपखल, कारण दब्यात झडप घालण्याचा हेतू उघड असतो.

पुढे राहून वेग चढा ठेवण्याला माझा शब्द ‘रेटणं’. शर्यत रेटणं, वेग रेटून धरणं. यावर कुणी म्हणेल, रेटण्यात हट्टाची छटा आहे, आपण ‘खोटं रेटून बोलतो’ असंही म्हणतो. छटा आहे हे खरं, पण मला ती हवीच आहे. वारा अंगावर घेत, मागच्यांना आडोसा देत, कोण कधी सुटेल ते न दिसता धावायचं, हे हट्टाशिवाय होत नाही. पदकाच्या शर्यतीत वेग ठरवून देणारे भाडोत्री पेसमेकर नसतात, आणि पदक घड्याळ बघून मिळत नाही, क्रमांकाने मिळतं. त्यामुळे रेटणाऱ्याच्या कष्टाचा फायदा त्याच्या मागच्यालाच आधी होतो. तरीही जो रेटतो त्याच्याबद्दल मला फार आदर वाटतो, हे लपवत नाही.

टांझानियाच्या फिल्बर्ट बायीने १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, क्राइस्टचर्चला, १५०० मीटरची शर्यत अशीच सुरुवातीपासून रेटली आणि ३ मिनिटे ३२.१६ सेकंदांचा विश्वविक्रम केला. मागून आलेला न्यूझीलंडचा जॉन वॉकरही जुन्या विक्रमाच्या आत होता. केनियाचा डेव्हिड रुडिशा लंडनला २०१२ साली ८०० मीटरमध्ये पहिली फेरी ४९.२८ सेकंदांत धावला आणि १ मिनिट ४०.९१ सेकंदांत विश्वविक्रमासह जिंकला. त्या शर्यतीत आठव्या, म्हणजे शेवटच्या धावपटूची वेळही आधीच्या तीन ऑलिंपिक विजेत्यांपेक्षा सरस होती. एकाने रेटलं आणि सगळ्यांनाच पुढे यावं लागलं.

अविनाश साबळेने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) ८ मिनिटे १९.५० सेकंदांत जिंकली, ती इतकी पुढे निघून की शेवटी झुंजच उरली नाही. तिथे ‘रेटली’पेक्षा ‘एकहाती जिंकली’ हे बरं वाटतं. रेटण्यात मागे कुणीतरी चिकटलेलं असावं लागतं.

शेवटच्या वेगाला, ज्याला ‘किक’ म्हणतात, ‘मुसंडी’ हा शब्द छापून येतो. तो चांगला आहे, पण सरसकट वापरू नये. मुसंडीत समोर अडथळा हवा, तो फोडून आत घुसणं हवं. बाहेरच्या बाजूने मोकळ्या वाटेने कुणी पुढे गेला तर ती मुसंडी नव्हे, तो नुसता ‘सुटला’. आणि वेग मुळातच प्रचंड असेल तर मागचे दबा धरत नाहीत, ते ‘चिकटून राहतात’. हाही फरक लिहिताना सांभाळावा.

पॅरिसची २०२४ची १५०० मीटरची अंतिम शर्यत या शब्दांत मांडून पाहतो, तुम्हीच ठरवा जमतं का. नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसनने पहिली फेरी सुमारे ५५ सेकंदांत काढून शर्यत रेटली. ब्रिटनचा जॉश कर आणि अमेरिकेचा कोल हॉकर चिकटून राहिले. रेटा चुकीचा नव्हता, पण इतरांचा दम काढता काढता इंगेब्रिग्टसनचा स्वतःचाच संपला. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो जरा बाहेर सरकला, आणि हॉकरने आतून मुसंडी मारली: ३ मिनिटे २७.६५ सेकंद, ऑलिंपिक विक्रम. ज्याने रेटलं तो ३ मिनिटे २८.२४ सेकंदांत चौथा आला.