गेमचं परीक्षण लिहू पाहणाऱ्या धाकट्या भावास

प्रिय भाऊ,

तुझं पत्र आणि सोबतची तीन परीक्षणं मिळाली. तिन्ही दोनदा वाचली. भाषा सरळ आहे, शब्दांचा फुलोरा नाही, हे फार चांगलं. पण तिन्हींत एक वाक्य थोड्याफार फरकानं आलंय: ‘ग्राफिक्स भारी, कंट्रोल मस्त, मध्येच लॅग मारतो, १० पैकी ८.’ यातून चोपड्याच्या किंवा साक्रीच्या पोराला काय कळलं? त्याच्याकडे ४ जीबी रॅमचा फोन असेल, दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल आणि गेम उतरवायला घरातल्या लग्नाचे फोटो पुसावे लागणार असतील. हा गेम आपल्या फोनवर चालेल का आणि कसा चालेल, एवढंच त्याला आधी हवंय.

पहिलं काम म्हणजे ‘लॅग’ हा शब्द एकटा लिहिणं बंद कर. तीन वेगळ्या दुखण्यांना आपण हे एकच नाव देतो. ओळखायची रीत अशी. तू नुसता कॅमेरा गोल फिरवलास आणि दृश्य धक्के खात फिरलं, तर फोन दमलाय. तुझा कॅमेरा लोण्यासारखा फिरतोय, पण समोरचे खेळाडू इथून गायब होऊन तिथे उगवतायत, तर नेट अडखळतंय. आणि दमदार फोनवरही नेमक्या त्याच जागी, त्याच दारातून जाताना गेम अडतोय, तर बनवणाऱ्यांनी काम कच्चं सोडलंय. यातला फक्त तिसरा दोष गेमच्या माथी मारायचा. पहिल्या दोघांचं गाऱ्हाणंही लिहायचं, पण ते कुणाचं आहे हे सांगून.

आता फोनच्या दमण्याबद्दल, कारण आपल्याकडे हाच मोठा मुद्दा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. गार खोलीत बसून केलेली मोजणी तिथे लागू पडत नाही. चिप तापली की ती स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवते, मग फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला स्क्रीनवर उमटणारी चित्रं, कमी होतात. बरेच फोन त्याच वेळी स्क्रीनचा उजेडही कमी करतात. म्हणून पाच मिनिटं खेळून ‘स्मूथ चालतो’ असं कधी लिहू नकोस. चाचणी अशी घे: बॅटरी ८० टक्क्यांच्या वर, चार्जर काढलेला, कव्हर काढलेलं, ब्राइटनेस निम्मा, मागचे सगळे ॲप बंद. भिंतीवरच्या साध्या तापमापीवर खोलीचं तापमान बघून लिहून ठेव. मग सलग ३० मिनिटं खेळ आणि ५ व्या, १५ व्या आणि २५ व्या मिनिटाला फ्रेमचा आकडा टिपून घे. तो आकडा काही गेमच्या सेटिंगमध्ये दिसतो, काही फोनच्या गेम मोडमध्ये. हीच चाचणी एकदा सकाळी ७ ला आणि एकदा दुपारी २ ला कर. दोन्हींतला फरक हीच तुझी खरी बातमी. चार्जर लावून खेळलं तर बॅटरीचीही उष्णता त्यात मिसळते, म्हणून ती चाचणी वेगळी कर आणि तसं लिही. पुष्कळ पोरं चार्जर लावूनच खेळतात, त्यांना ते कळायला हवं.

सरासरीवर विसंबू नकोस. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. समज, एका सेकंदात एकच फ्रेम १०० मिलिसेकंद अडली. उरलेल्या ९०० मिलिसेकंदांत ५४ फ्रेम झाल्या, म्हणजे आकडा दिसतो ५५. कागदावर छान. पण खेळणाऱ्याला त्या एका धक्क्यात गोळी लागलेली असते. म्हणून सरासरीसोबत सर्वांत खालचा आकडा दे आणि तो कधी आला तेही दे: धूर झाला तेव्हा, गाडी वेगात होती तेव्हा, की दहा जण एका घरात घुसले तेव्हा.

पीसीवर आणखी एक भानगड असते. एखादा स्फोट किंवा जादूचा परिणाम पहिल्यांदा दिसताना काही गेम झटका देतात, कारण ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम, म्हणजे शेडर, त्याच क्षणी तयार होत असतात. दुसऱ्यांदा तोच स्फोट सुरळीत दिसतो. त्यामुळे तोच भाग दोनदा खेळून बघितल्याशिवाय निकाल देऊ नकोस, आणि पहिल्या वेळचा त्रास लपवूही नकोस. गेम विकत घेणारा प्रत्येक जण पहिली वेळ भोगणारच असतो.

नेटची चाचणी तीन वेळा: सकाळी, दुपारी आणि रात्री ९ ला, सगळा गाव मोबाईल उघडून बसलेला असतो तेव्हा. सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारा कंपनीचा कॉम्प्युटर, मुंबईत असेल तर जळगावहून अंतर साधारण ४२० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन येऊन ४ मिलिसेकंदांच्या आसपास. तरीही पिंग, म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, ७०-८० दिसतोय, तर तो वेळ टॉवरपाशी, वायफायमध्ये किंवा कंपनीच्या वळणावळणाच्या वाटेत जातोय, अंतरात नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मात्र सुमारे ४,००० किलोमीटरचं अंतर आहे, जाण्यायेण्यात ४० मिलिसेकंद कुणालाच वाचवता येणार नाहीत. आणि पिंग स्थिर आहे का ते बघ. सतत ६० असलेला परवडतो, कारण हात त्याला सरावतो. २० वरून १५० वर उडणाऱ्याला हात सरावत नाही. डेटा किती गेला ते फोनच्या सेटिंगमध्ये ॲपनिहाय दिसतं, सामन्याआधी आणि नंतर बघून वजाबाकी कर. अपडेटचा आणि नकाशांच्या जादा डाउनलोडचा आकार वेगळा लिही. स्टोअरवर दिसणाऱ्या आकारात तो बऱ्याचदा धरलेला नसतो, आणि दीड जीबीच्या पॅकवाल्याचा दिवस त्यातच संपतो.

दोन चाचण्या आपल्याकडच्या जगण्यातूनच आल्यात. एक: खेळता खेळता फोन आला, दोन मिनिटं बोललास, परत आलास, गेम होता तिथेच आहे की पहिल्यापासून उघडतोय? कमी रॅमच्या फोनमध्ये सिस्टिम मागचा गेम मारून टाकते. गेमनं जागा नीट साठवली असेल तरच तू परत तिथे पोचतोस. दोन: लाईट गेली तर? डेस्कटॉपवर किती मिनिटांची मेहनत वाया जाते, हे बघायला खरोखर प्लग ओढू नकोस, सेव्ह फाईल खराब होऊ शकते. आधी सेव्ह फाईलची कॉपी दुसरीकडे ठेव, मग टास्क मॅनेजरमधून गेम बंद कर आणि पुन्हा उघडून बघ. २० मिनिटं मागे टाकणारा गेम भारनियमनाच्या गावात वेगळ्या मोजमापानं तोलावा लागतो.

‘कंट्रोल मस्त’ या दोन शब्दांच्या जागी काय लिहायचं ते सांगतो. दुसऱ्या फोनवर २४० फ्रेमचं स्लो मोशन चालू कर, बोट आणि स्क्रीन दोन्ही चौकटीत येतील असा धर, आणि दहा वेळा उडी मार. बोट टेकलेल्या फ्रेमपासून पात्र हललेल्या फ्रेमपर्यंत मोज. दर फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. २४ फ्रेम आल्या तर १०० मिलिसेकंद झाले. दहा आकडे चढत्या क्रमानं लावून मधले धर. बुद्धिबळासारख्या गेममध्ये हे १०० कुणाच्या लक्षातही येणार नाहीत, मारामारीच्या किंवा उड्यांच्या गेममध्ये तेवढ्यात डाव जातो.

पण उडी चांगली वाटण्याचं कारण नुसत्या वेगात नसतं. २०१८ चा उड्यांचा गेम ‘सेलेस्ट’ घे. तो गेम अवघड आहे, तरी अन्यायी वाटत नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत तो तुझी उडी मान्य करतो, आणि जमिनीवर टेकण्याच्या जरा आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताच उडी देतो. खेळणाऱ्याला वाटतं, आपलंच टायमिंग साधलं. हे तुला स्लो मोशनमध्ये पकडता येतं: मुद्दाम उशिरा दाबत जा आणि कितव्या फ्रेमला उडी नाकारली जाते ते मोज. मग तुझं वाक्य ‘कंट्रोल मस्त’ असं राहणार नाही. कंट्रोल का मस्त आहे, ते त्यात येईल. ‘अवघड आहे’ ही तक्रारही याच तागडीत तोल. हरल्यावर आपलं काय चुकलं हे कळलं, तर अवघडपणा रास्त. कळलंच नाही, तर दोष गेमचा.

प्रकाराप्रमाणे कसोटी बदलते. बामणोदच्या वांग्याचं भरीत पुढ्यात आलं तर आपण वांगं पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलंय का, धुराचा वास उतरलाय का ते बघतो. रस्सा नाही म्हणून त्याला नावं ठेवत नाही, रस्सा शेवभाजीत बघायचा. तुझ्या दुसऱ्या परीक्षणात तू कोड्यांच्या गेमला ‘ॲक्शन कमी’ म्हणालास, ते खोड. कोड्यांच्या गेमला विचारायचं ते हे की नवा नियम तो सांगतो, की करायला लावून शिकवतो. २००७ चा ‘पोर्टल’ खोलीगणिक एकेक गोष्ट हाताला शिकवत जातो, तो आधी खेळून बघ. युद्धनीतीच्या गेममध्ये अवघड पातळीवर कॉम्प्युटर शहाणा होतो, की त्याला नुसतं जास्त सोनं-लाकूड फुकट मिळतं, हे सामना संपल्यावर रिप्लेमध्ये त्याच्या बाजूनं बघून ठरव. कथेच्या मोठ्या गेममध्ये निवडीआधी सेव्ह कर आणि दोन्ही वाटा खेळ. दोन्हीकडे शेवटी तोच संवाद येत असेल तर ती निवड दिखाऊ आहे. रेसिंगला टच, फोन तिरका करणं आणि कंट्रोलर या तिन्हींनी एकेक तास दे.

प्लॅटफॉर्म आणि व्हर्जन नंबर परीक्षणाच्या पहिल्या ओळीत हवा. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा आधीची परीक्षणं पीसीच्या प्रतीवर लिहिली गेली होती. जुन्या कन्सोलवर तो इतका मोडका निघाला की सोनीनं काही दिवसांत तो आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढला, आणि जून २०२१ मध्ये परत आणला. सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनं तर त्याची बरीच घडी बदलली. आता सांग, ‘सायबरपंक चांगला आहे का’ या प्रश्नाला एकच उत्तर कसं असेल? कुठल्या यंत्रावर आणि कधी, हे सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

पैशांचा भाग तुझ्या तिन्ही परीक्षणांत एका ओळीत उरकलाय: ‘फ्री आहे.’ फुकटच्या गेमला सर्वांत जास्त तपासायचं असतं. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’चं उदाहरण घे, कारण त्याचे आकडे गेममध्येच छापलेले आहेत. एका विशला, म्हणजे पात्रासाठीच्या एका सोडतीला, पाच तारे, म्हणजे सर्वांत दुर्मीळ बक्षीस, मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. दहा वेळा ओढलं तरी शंभरातले साधारण ९४ जण पाच ताऱ्यांशिवाय परततात. ९० व्या विशला हमी आहे, एका विशला १६० प्रिमोजेम (गेममधलं चलन), म्हणजे १४,४००. पण त्या हमीत हवं तेच पात्र मिळेल असं नाही. पहिल्यांदा दुसरंच आलं तर पुढच्या वेळी हमखास, म्हणजे वाईटात वाईट १८० विश आणि २८,८०० प्रिमोजेम. तेवढे रोजच्या खेळातून किती दिवसांत जमतात ते स्वतः दोन आठवडे मोज आणि स्टोअरच्या त्या दिवशीच्या भावानं रुपयेही काढ. ही आकडेमोड वाचून नंदुरबारच्या कॉलेजातला पोरगा ठरवेल की खेळायचं, पण पैसे टाकायचे नाहीत. गेम सुंदर आहे हेही त्याच परीक्षणात मोकळेपणानं लिही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

विकतच्या गेमबाबत वाचकाला एक सांगत जा: स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या दोन तासांत गेम काय दाखवतो आणि काय राखून ठेवतो, याला वेगळा परिच्छेद दे. आणि गेम तुला फुकट मिळाला असेल किंवा कुणी पैसे दिले असतील तर ते सुरुवातीलाच ठळक लिही. जाहिरातींच्या स्वनियमन परिषदेनं २०२१ पासून इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी तसे दंडकच घातलेत.

आपल्या मातीतल्या गेमबद्दल तू हळवा होतोस, ते समजतं. पुण्यात बनलेला ‘राजी’ २०२० मध्ये आला. राजस्थानी वास्तूंची शैली आणि भिंतींवरच्या चित्रांतून उलगडणाऱ्या देवदेवतांच्या कथा, हे त्याचं बळ. लढाई मात्र लवकर एकसुरी होते आणि गोष्ट ऐन रंगात आल्यावर तुटते. दोन्ही लिही. आपला आहे म्हणून दोन गुण वाढवलेस तर बनवणाऱ्यांच्या मेहनतीचाच मान कमी होतो. त्यांनी दयेसाठी बनवलेला नाही.

देवनागरी अक्षरं असलेला गेम आला तर तीही वाच. ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे उडालीय का, ‘क्ष’ फुटून दोन तुकडे झालेत का ते बघ. गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतो त्या इंजिनला आपली लिपी जुळवता येत नसेल तर हे होतं. स्क्रीनशॉट जोड. अक्षरांचा आकार ६ इंची स्क्रीनवर वाचता येतो का, लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्याला शत्रू ओळखू येतो का, हेही दोन ओळींत सांग.

गुण द्यायचेच असतील तर सगळं लिहून झाल्यावर दे. आधी आकडा ठरवलास की वाक्यं त्याच्या मागे वाकत जातात. तुझ्या तिसऱ्या परीक्षणात ते दिसतंय.

तेच परीक्षण पुन्हा लिहून पाठव. फोनचं मॉडेल, गेमचं व्हर्जन, खोलीचं तापमान, २५ व्या मिनिटाचा आकडा आणि रात्री ९ चा पिंग, एवढं त्यात असू दे. उन्हाळा उतरायच्या आत दुपारची चाचणी उरकून घे, पावसाळ्यात तो आकडा परत मिळणार नाही.

तुझा,
दादा