तुझ्या चौथ्या प्रश्नाविषयी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा दोनदा वाचला. विषय चांगला आहे, पण प्रश्नावलीतल्या चौथ्या प्रश्नापाशी मी अडखळलो : 'मोबाइलमुळे तुमचे अभ्यासातले लक्ष किती विचलित होते?' लक्ष विचलित होते की नाही, हेच तर तुला शोधायचे आहे. ते प्रश्नातच गृहीत धरलेस, तर उत्तर देणाऱ्याने ठरवायचे उरते ते फक्त 'थोडे' की 'फार'.

प्रश्नातल्या एका शब्दाने काय होते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवले. त्यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या चित्रफिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला आणि प्रश्नातले केवळ क्रियापद बदलले. गाड्या एकमेकींवर 'जोरात आदळल्या' अशा अर्थाचे क्रियापद ज्यांना मिळाले, त्यांच्या अंदाजाची सरासरी ताशी ४०.८ मैल आली. 'एकमेकींना टेकल्या' अशा सौम्य क्रियापदाला ती ३१.८ होती. इथे क्रियापद हा स्वाश्रयी परिवर्तक, म्हणजे संशोधक मुद्दाम बदलतो तो घटक, आणि सांगितलेला वेग हा आश्रयी परिवर्तक, म्हणजे त्या बदलाचा परिणाम ज्यावर मोजतात तो. या व्याख्या पाठ करण्यापेक्षा हा प्रयोग डोळ्यांसमोर ठेव.

मात्र यावर एक रास्त शंका निघते. आठवण बदललीच नसेल, अंदाज करताना मुलांनी शब्दाचा आधार घेतला असेल, एवढेच. म्हणून त्यांनी दुसरा प्रयोग केला. त्यात १५० विद्यार्थी होते, पन्नास-पन्नासांचे तीन गट. एका गटाला 'आदळल्या', दुसऱ्याला 'धडकल्या' असा प्रश्न होता आणि तिसऱ्याला वेगाविषयी काहीच विचारले नाही. आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हती. तरी पहिल्या गटातले १६, दुसऱ्यातले ७ आणि तिसऱ्यातले ६ जण 'हो' म्हणाले.

विद्यार्थी बहुधा १६ या आकड्यावर थांबतात. मला मात्र ६ अधिक मोलाचा वाटतो. कोणीही काही सुचवले नसताना सहा जणांना काच 'दिसली'. हा नियंत्रित गट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला तिसरा गट, नसता, तर दुसऱ्या गटातले सातही जण 'धडकल्या' या शब्दाच्या खाती जमा झाले असते. प्रत्यक्षात त्या शब्दाने जवळजवळ काहीच केलेले नाही, आणि हे समजते ते केवळ शेजारी ६ उभा आहे म्हणून.

अर्थात, प्रयोगशाळेतली चित्रफीत म्हणजे रस्त्यावरचा प्रसंग नव्हे. युइल आणि कटशॉल यांनी १९८६ मध्ये कॅनडातल्या एका खऱ्या गोळीबाराच्या १३ साक्षीदारांना काही महिन्यांनी दिशाभूल करणारे प्रश्न विचारले, तेव्हा त्यांच्या आठवणी फारशा ढळल्या नाहीत. त्या अभ्यासाची नमुनासंख्या लहान, पण प्रसंग खरा. तेव्हा दोन्ही अभ्यास शेजारी ठेवूनच वाचावेत.

आता तुझे काम. 'लक्ष' या शब्दाला मोजता येईल अशी कार्यात्मक व्याख्या हवी. अंकांनी भरलेला एक कागद द्यावा, तीन मिनिटांत त्यातले सगळे ७ खोडायला सांगावे आणि सुटलेले ७ मोजावेत, हे तुला सहज जमेल. एका गटाचा मोबाइल बाकावर, दुसऱ्याचा खोलीबाहेर. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकूनच ठरव. मैत्रिणींना निवड करू दिलीस, तर मोबाइल बाहेर ठेवायला राजी होणाऱ्या मुली मुळातच अधिक एकाग्र असू शकतात, आणि मग तुला आढळलेला फरक मोबाइलचा की मुलींचा, हे सांगता येणार नाही. प्रत्येकीची संमती आधी घे. मधेच उठून जायची मुभा आहे, हेही सांग. सांख्यिकीची घाई आत्ता नको.

वर्गात जाण्यापूर्वी घरातल्या दोघा-तिघांना तो कागद देऊन पाहा. कोणाचाच एकही ७ सुटला नाही, तर कसोटी फार सोपी झाली असे समज आणि वेळ दोन मिनिटांवर आण. नाहीतर दोन्ही गट सारखेच दिसतील.

तुझा,
सर