रोज बायबल वाचतो, प्रार्थना करतो. तरी मंडळीत (चर्चमध्ये) जायलाच हवं का?

तुम्ही विचारलंय की घरी वाचन-प्रार्थना नियमित आहे, संदेश मोबाईलवर ऐकता येतात, मग मंडळीची गरज काय. आणि जायचंच तर योग्य मंडळी ओळखायची कशी.

पहिल्याचं उत्तर: हो, जायला हवं. हजेरीने तारण (पापापासून सुटका) मिळत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण 'एकमेकांची ओझी वाहा' (गलती 6:2) किंवा एकमेकांजवळ पातके कबूल करा (याकोब 5:16) या आज्ञा एकट्याने पाळायच्या कशा? चौथ्या शतकात बासिल या बिशपने एकांतवासी संन्याशांना हेच विचारलं होतं: एकटे राहिलात तर येशूसारखे पाय कोणाचे धुणार?

मात्र माझा खरा वाद तुमच्याशी नाही. रविवारी दीड तास बाकावर बसलं की सहभागिता झाली, असं मानणाऱ्या मंडळ्यांशी आहे. तिथे माणूस तीन महिने आला नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही. अशा ठिकाणाहून कोणी मोबाईलकडे वळला, तर दोष एकट्या त्याचा नाही.

इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांनी यावर उपाय शोधला, तोही कर्ज फेडताना. 1742 च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये इमारतीच्या कर्जावर चर्चा चालली होती. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, बऱ्याच जणांना तेवढंही परवडणार नाही. त्यावर पहिला म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, आणि ज्यांना जमणार नाही त्यांचे पैसे मी भरीन. तसं ठरलं. पैसे गोळा करायला घरी गेलेल्यांना मग घरातलं दिसू लागलं: कोण दारूकडे वळलाय, कुठे भांडण पेटलंय, कोण आजारी आहे. वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवी असलेली देखरेख हीच. पुढे घरोघरी जाण्याऐवजी सगळ्यांना एकत्र बसवलं, कारण फिरण्यात वेळ जाई, नोकरी करणाऱ्यांना मालकाच्या घरी मोकळं बोलता येत नसे, आणि एकाने दुसऱ्यावर आरोप केला तर समोरासमोर शहानिशा होत नसे. बारा माणसं, एक पुढारी, दर आठवड्याला भेट. यात प्रवचन कुठेच नाही, हे आमच्या पाळकांनी नीट वाचावं.

आजही घरसभा चालवायची तर हेच माप धरा. आठ ते बारा जण. पंधरापुढे गेलात की चौघे बोलतात, बाकीचे ऐकतात. तेव्हा गट दोन करा, आणि नवा पुढारी आधीपासून तयार ठेवा, नाहीतर दुसरा गट दोन महिन्यांत बंद पडतो. वेळ दीड तास: वीस मिनिटं वचन, उरलेला वेळ माणसांसाठी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं; पुढारी तासभर शिकवतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत 'काही प्रार्थनाविषय?' विचारतो. तेवढ्या घाईत कोणी नवऱ्याची नोकरी गेल्याचं सांगत नाही. प्रार्थनाविषय वहीत लिहा आणि पुढच्या भेटीची सुरुवात त्याच वहीने करा. सलग दोनदा कोणी आलं नाही तर तिसऱ्याच्या आधी फोन कोणी करायचा, ते नावानिशी ठरलेलं असावं. 'कोणीतरी करेल' म्हटलं की कोणीच करत नाही.

गट मोडण्याची कारणं बहुधा दोनच. एक, गटात सांगितलेलं 'प्रार्थना करा हं' म्हणत बाहेर पसरतं. दुसरं उसनवारी: कर्ज थकलं की घेणारा तोंड चुकवतो आणि यायचा थांबतो. म्हणून उसनं देऊ नका. मदत निधीतून, परतफेडीच्या अपेक्षेशिवाय, गटातल्या दोघांच्या संमतीने द्या. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात वगळल्या जाताहेत अशी कुरकुर झाली, तेव्हा प्रेषितांनीही नुसतं समजावलं नाही, सात माणसं नेमली (कृत्ये 6).

आता मंडळी ओळखण्याबद्दल. इमारत, वाद्यवृंद, वक्तृत्व बाजूला ठेवा. अंथरुणाला खिळलेल्या सभासदाकडे प्रभुभोजन (येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षारस) घेऊन कोण जातं, एवढं विचारा. साधारण इ.स. 155 मध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की गैरहजर असलेल्यांना डीकन (मंडळीचे सेवक) ते घरी नेऊन देत, आणि वर्गणीतून अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांची काळजी घेतली जाई. या प्रश्नाला लगेच एखादं नाव सांगता आलं, तर तिथे सहा महिने जाऊन पाहा. सिद्धांत तपासणं त्यानंतरही चुकत नाहीच, पण तो वेगळा विषय आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आजारपणामुळे किंवा छळाच्या भीतीने एकटं राहावं लागणाऱ्यांना वरचं काहीही लागू नाही. त्यांच्यापर्यंत पोचणं हे मंडळीचं काम. आणि पुढाऱ्यानेच पैशाचा किंवा शरीराचा गैरफायदा घेतला असेल, तर 'आधी एकट्याने जाऊन भेट' हे मत्तय 18 मधलं वचन पीडिताच्या गळ्यात मारू नका. गुन्हा पोलिसांत जातो, आणि अशी मंडळी सोडणं म्हणजे ख्रिस्ताला सोडणं नव्हे. दुसरी शोधा, आणि तिथल्या वडीलजनांना (मंडळीच्या पुढाऱ्यांना) आधीचं काय झालं ते पहिल्याच भेटीत सांगा.